भाव चढला की सरकारला जाग येते

बऱ्याच दिवसांत इथे काही खरडलं नाही. दोन-तीन जणांनी विचारलंही, "काय, दुकान बंद केलं का?" बंद नाही केलं. एक गोष्ट मनात अडकून बसली होती आणि ती नीट मांडता येत नव्हती. आज प्रयत्न करतो. लांबण लागेल, त्याबद्दल आधीच माफी. नात्यातली मंडळीही हे वाचतात, त्यामुळे घरच्या गोष्टी जपूनच लिहितोय. दादा, तू वाचलंस तर रागावू नकोस.

तर झालं असं. तारीख १९ ऑगस्ट २०२५. मी इचलकरंजीत एका सूत कारखान्यात हिशेबाचं काम पाहतो, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच. त्या दिवशी ऑफिसात शिरलो तर वातावरण एकदम सणासारखं. केंद्र सरकारने परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं होतं, ३० सप्टेंबरपर्यंत. (पुढे नऊ-दहा दिवसांतच ही मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली.) अमेरिकेने आपल्या मालावरचा कर ५० टक्क्यांवर न्यायचं जाहीर केलं होतं. कपडे निर्यात करणाऱ्यांची झोप उडाली होती. त्यांना कापूस स्वस्त मिळावा म्हणून हा निर्णय. आमच्याकडे कुणीतरी भजी मागवली.

भजी खात असतानाच दादाचा फोन आला.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्यापासून थोडं आत. नऊ एकर कोरडवाहू. दादा आणि वहिनी कसतात, मी फक्त दिवाळीला जाऊन सल्ले देतो. :) दादा म्हणाला, "पऱ्हाटीले आत्ता कुठं पाते-फुलं लागून राह्यले, अन् तुमच्या दिल्लीवाल्यायनं बोंड फुटाच्या आधीच भाव पाडला. तू तं तिथंच बसतं न सुताच्या कारखान्यात? सांग बरं, माह्या कापसाचं काय होईन?"

मी भजं गिळलं आणि "पाहतो, विचारतो" असं काहीतरी म्हणून फोन ठेवला.

नंतर कागदावर हिशेब मांडला, सवयीने. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकीची सरकी आणि थोडी घट. रुईचा भाव किलोला १६० रुपये धरला तर ३४ किलोचे झाले ५,४४०. त्याचे ११ टक्के म्हणजे सहाशेच्या आसपास. आता सगळाच्या सगळा फरक कास्तकाराच्या अंगावर येतो असं नाही, पण क्विंटलमागे कशावरून भांडण चाललंय त्याचा अंदाज येतो. दादाचा कापूस बरा पिकला तर पन्नासेक क्विंटल. म्हणजे तीस हजारांपर्यंतची गोष्ट. माझ्या मुलीची शाळेची फी याहून जास्त आहे. दादाच्या घरात मात्र त्या पैशात रब्बीचं बियाणं, खत आणि किराणा निघतो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मला चांगलंच पकडलं. त्याला माझी मतं माहीत आहेत. म्हणाला, "अहो, तुम्ही तर खुल्या बाजारवाले. सरकारने शेतीत हात घालू नये म्हणता. आता सरकारने शुल्क काढलं, बाजार खुला केला, तर तुम्ही खूश व्हायला हवं. भावाच्या घरचा कापूस आला की लगेच समाजवादी झालात?"

प्रश्न बिनतोड होता. माझ्याजवळ त्या वेळी उत्तर नव्हतं. हा सगळा लेख त्या उत्तरासाठी आहे.

मी खुल्या बाजाराचा माणूस झालो तो पुस्तकं वाचून नाही. आमच्या बाबांच्या सदऱ्याला शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला असायचा. शरद जोशी स्वित्झर्लंडमधली संयुक्त राष्ट्रांची नोकरी सोडून पुण्याजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आले, १९८० मध्ये चाकणला कांद्याचं आंदोलन झालं, आणि पुढच्या काही वर्षांत तो बिल्ला वऱ्हाडातल्या गावागावांत पोचला. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा आम्हा पोरांना पाढ्यांसारखी पाठ होती. जोशींचं म्हणणं साधं होतं. शेतकरी गरीब आहे तो आळशी किंवा अडाणी आहे म्हणून नाही, सरकार त्याच्या मालाचा भाव ठरवून पाडतं म्हणून. सबसिडी देतो म्हणणारं सरकार एका हाताने देतं त्यापेक्षा जास्त दुसऱ्या हाताने काढून घेतं.

हे घोषणेपुरतं नव्हतं. २०१८ मध्ये ओईसीडी आणि दिल्लीच्या इक्रिअर या संस्थेचा भारताच्या शेतीधोरणावर मोठा अहवाल आला. सगळी अनुदानं जमेला धरून आणि निर्यातबंदीसारख्या निर्बंधांचा तोटा वजा करून त्यांनी हिशेब केला. २००० ते २०१७ या काळात भारतीय शेतकऱ्याच्या एकूण उत्पन्नाला धोरणांमुळे दरवर्षी सरासरी १४ टक्के कात्री लागली असं त्यात निघालं. बहुतेक श्रीमंत देशांत हा आकडा उलटा असतो, तिथे सरकार शेतकऱ्याच्या पदरात टाकतं. बाबा तेव्हा नव्हते. असते तर म्हणाले असते, आम्ही हे चाळीस वर्षांपासून सांगत होतो.

आमच्या जिल्ह्यात हा दुसरा हात कसा दिसायचा ते सांगतो.

कापूस एकाधिकार खरेदी योजना. नव्या पिढीला हे नावही माहीत नसेल. १९७१ मध्ये कायदा झाला आणि १९७२ च्या हंगामापासून महाराष्ट्रात कास्तकाराने कापूस फक्त सरकारी यंत्रणेलाच विकायचा असं ठरलं. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, आमच्याच जिल्ह्यातल्या, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. हेतूबद्दल मला शंका नाही. त्याआधी व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून भाव करायचे, वजनात कटती लावायचे, पैसे मागाहून देतो म्हणायचे. आबाजी सांगायचे की कापूस घेऊन गेलेला माणूस रिकामी बंडी आणि कच्ची चिठ्ठी घेऊन परत यायचा. अशा लुटीतून कास्तकाराला सोडवायचं म्हणून सरकार मध्ये पडलं.

पण एका खरेदीदाराच्या जागी दुसरा एकच खरेदीदार आला, आणि त्याला नाही म्हणायची सोय उरली नाही. मी लहान असताना बाबांसोबत बंडीवर बसून खरेदी केंद्रावर जायचो. केंद्राचं नाव घेत नाही. बंड्यांची रांग रस्त्यापर्यंत आलेली असायची. एकदा तीन रात्री आम्ही कापसावरच झोपलो. बैलांचा कडबा संपला तो शेजारच्या बंडीवाल्याकडून उसना घेतला. चौथ्या दिवशी ग्रेडर आला, बंडीतून मूठभर कापूस ओढला, बोटांनी चोळला आणि एक शब्द बोलला. तेवढ्याने वर्षाचा निकाल लागला. तो ग्रेड मान्य नसेल तर बाबा काय करू शकत होते? काही नाही. कापूस परत नेऊन विकणार कुणाला? बरं, पैसेही एकदम मिळत नसत. चुकारे हप्त्याहप्त्याने यायचे, शेवटचा हप्ता पुढच्या पेरणीच्या तोंडावर आला तरी लोक खूश असत.

यातली खरी गंमत मला मोठेपणी कळली. पांढरकवड्याहून पाटणबोरीच्या पुढे गेलं की राज्याची हद्द. पलीकडे आदिलाबाद, तेव्हाचा आंध्र, आता तेलंगण. तिकडे एकाधिकार नव्हता. ज्या वर्षी जगात कापूस महाग असे त्या वर्षी आदिलाबादचा व्यापारी आपल्या सरकारपेक्षा जास्त भाव द्यायचा. मग इकडचा कापूस रात्री तिकडे जायचा. स्वतःच्या शेतातला कापूस स्वतः विकायला नेला तर ती तस्करी! मी सातवी-आठवीत असेन, एका रात्री आबाजी बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा सोडत होते. मी विचारलं, "काहून काढता आबाजी?" ते म्हणाले, "बैलाले झोप येते बावा त्या आवाजानं." मी बरीच वर्षं ते खरं मानलं.

आणि ज्या वर्षी जगात कापूस स्वस्त असे, त्या वर्षी उलटं. हमीभाव बाजारापेक्षा वर, म्हणून शेजारच्या राज्यांतला कापूस कुणाच्या तरी सातबाऱ्यावर इथल्या केंद्रांत यायचा. महागाईच्या वर्षी चांगला माल बाहेर गेलेला, स्वस्ताईच्या वर्षी सगळ्यांचा माल गळ्यात. योजनेचा तोटा हजारो कोटींत गेला. शेवटी २००२ पासून खासगी व्यापाऱ्यांना पुन्हा परवानगी दिली आणि एकाधिकार नावापुरता उरला.

आता कुणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली. मग नव्या बघू.

एकाधिकार गेला, पण भाव वर जायला लागला की धरून खाली ओढायची सवय गेली नाही. फक्त ते काम मुंबईऐवजी दिल्लीतून व्हायला लागलं. १९ एप्रिल २०१० ला कापसाची निर्यात थांबवली. ५ मार्च २०१२ ला पुन्हा बंदी घातली. त्या वेळी केंद्रातले कृषिमंत्री शरद पवार स्वतःच उघडपणे म्हणाले की मला विचारलंच नाही. गुजरात-महाराष्ट्रातून ओरड झाली आणि आठवड्याभरात बंदी मागे घेतली. पण त्या आठवड्यात ज्याने घाबरून कापूस विकला त्याचं काय? त्याला कुणी फरक भरून देत नाही.

मग २०२१-२२. त्या वर्षी हमीभाव होता लांब धाग्याला ६,०२५ रुपये आणि बाजारभाव दहा हजारांच्या वर गेला. आमच्या गावात लोकांनी घरं रंगवली, दोन-चार ट्रॅक्टर आले. दादाने वहिनीला पाटल्या केल्या. सरकारच्या मदतीशिवाय आलेलं आमच्या आठवणीतलं हे पहिलं वर्ष. गिरण्यांनी तक्रार केली आणि १४ एप्रिल २०२२ पासून आयात शुल्क माफ झालं. हे शुल्क लावलं होतं फेब्रुवारी २०२१ मध्ये, म्हणजे जेमतेम सव्वा वर्षं टिकलं.

आता सहकाऱ्याच्या प्रश्नाकडे येतो. आयात शुल्क काढणं म्हणजे खुला बाजार नाही का?

वाड्याला दोन दरवाजे आहेत असं समजा, एक माल आत यायचा आणि एक बाहेर जायचा. दोन्ही कायम उघडे ठेवले तर तो खुला बाजार. दादाला तेव्हा कळेल की भाव जगात ठरतो, कधी वर कधी खाली, आणि त्याप्रमाणे तो कापूस लावायचा की तूर-सोयाबीन ते ठरवेल. दोन्ही कायम बंद ठेवले तर तेही एक धोरण झालं, चुकीचं का होईना. पण आपल्याकडे दरवाज्यावर एक पहारेकरी बसवलाय. कापूस महाग झाला की तो आत यायचा दरवाजा उघडतो आणि बाहेर जायचा लावून घेतो. स्वस्त झाला की म्हणतो, बाजार आहे बाबा, माझ्या हातात काय? या पहाऱ्याला मी खुला बाजार म्हणणार नाही. शुल्क ११ टक्के असावं की शून्य, यावर माझं भांडण नाही. शून्य केलं तरी चालेल. भांडण आहे ते मध्येच बदलण्यावर.

तारखा बघा. २०२५ च्या खरिपाचे हमीभाव केंद्राने २८ मे ला जाहीर केले, लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये. दादाने जूनमध्ये टोबणी केली तेव्हा त्याच्यासमोर दोन आकडे होते, ८,११० चा हमीभाव आणि ११ टक्के शुल्क. त्या भरवशावर त्याने पैसा मातीत घातला. ऑगस्टमध्ये त्यातला एक आकडा पुसला. पऱ्हाटी काही उपटून परत पिशवीत भरता येत नाही. माझ्या कारखान्याने सूत विकायचा सौदा केला आणि मध्येच कुणी दर बदलला तर आमचे मालक वकील गाठतील. दादाने कुणाला गाठायचं?

आणि माझे मालक तरी वाईट आहेत का? नाही. अमेरिकेच्या करामुळे खरंच ऑर्डरी थांबल्या होत्या, कामगारांच्या पाळ्या कमी करायची भाषा चालू होती. त्या पाळ्यांवर जगणारी माणसं मी रोज बघतो, माझाही पगार त्यातूनच येतो. गिरण्यांना मदत करायची तर जरूर करावी. पण ती तिजोरीतून करावी, सगळ्या देशाने मिळून. अमेरिकेशी चाललेल्या भांडणाचा खर्च नऊ एकरवाल्याच्या कापसातून का काढायचा?

हे सगळं मी दिवाळीत दादाला ऐकवलं. अंगणात बसलो होतो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग माझी सालं काढली. प्रामाणिकपणे ती इथे लिहितो.

पहिलं. "२०२३ विसरला का?" विसरलो नव्हतो. २०२२ च्या दहा हजारांच्या आशेने पुढच्या हंगामात आम्ही कापूस विकलाच नाही. माझाच सल्ला होता. मधल्या खोलीत छतापर्यंत गंजी लागली. उन्हाळ्यात त्या कापसातल्या किड्यांनी पोरांच्या अंगाला खाज सुटली, वहिनी बिचारी अंगणात झोपायची. भाव आठ हजारांवरून घसरत गेला आणि जूनमध्ये पेरणीला पैसे हवेत म्हणून सात हजारांच्या आसपास विकला. जगभरात सुताला उठाव नव्हता, तिथे दिल्लीने एकट्याने काही केलं नव्हतं. बाजारानेच मारलं. खुला बाजार म्हणजे दरवर्षी पाटल्या नव्हेत, हे मला कबूल करावं लागलं.

दुसरं. "तुह्या बाजारात अमेरिकेचा कास्तकार सबसिडी घेऊन उतरते, अन् मी हात हलवत?" हेही खरं. ब्राझीलने २००२ मध्ये अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला आणि जिंकला, म्हणजे ही काही आपली रडकथा नाही. कायमचं, आधी जाहीर केलेलं शुल्क यासाठी मागता येईल. शुद्ध खुल्या बाजारवाल्यांना हे पटणार नाही, पण मला यात दादाचं म्हणणं बरोबर वाटतं.

तिसरं सगळ्यात जड होतं. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त माणसं गेली. बहुतेक मजूर आणि छोटे शेतकरी. दादा म्हणाला, "तिथं सरकार पाह्यजे होतं. औषध कोण इकते, कोणतं इकते, दवाखान्यात त्याचा उतारा हाय का, हे पाहणं कोणाचं काम हाय? तिथं कोणीच नव्हतं. अन् भाव वाढला का मात्र सारे जागे."

मला वाटतं, माझ्या सगळ्या युक्तिवादापेक्षा दादाने ते नीट सांगितलं.

बियाण्याचंही तेच. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००६ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. त्याच वर्षी राज्यांनी पाकिटाचा भाव सोळाशेच्या वरून साडेसातशेवर आणला. तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं, आम्हालाही. नंतर केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली देशभर भाव बांधला आणि २०१६ मध्ये मोन्सॅन्टोने पुढच्या वाणाचा अर्जच परत घेतला. तणनाशक सहन करणाऱ्या बियाण्याला सरकारने हो म्हटलं नाही, आणि ठामपणे नाही म्हणून ते थांबवलंही नाही. परिणाम काय? आमच्या भागात ते 'चोर बीटी' म्हणून मिळतं, रात्री, बिनबिलाचं. उगवलं नाही तर तक्रार कुठे करणार? १० जून २०१९ ला अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहाँगीरला शेतकरी संघटनेने ते बियाणं उघडपणे लावून सत्याग्रह केला, पण कागदावर काही हललं नाही. निंदणाला बाया मिळत नाहीत आणि मजुरी परवडत नाही, म्हणून कास्तकार ते घेतोच. मी आबाजींच्या घुंगरमाळा पाहिल्या, माझा पुतण्या हे पाकीट पाहतोय.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल लिहायला हात धजत नाही. १९ मार्च १९८६. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी पवनारजवळ दत्तपूरला पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. महाराष्ट्रातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून तिची नोंद आहे. दरवर्षी १९ मार्चला अमर हबीब यांच्या किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेवरून २०१७ पासून लोक एक दिवस अन्नत्याग करतात. कमाल जमीनधारणा, अत्यावश्यक वस्तू आणि जमीन अधिग्रहण हे तीन कायदे रद्द करा, अशी त्यांची मागणी. मीही उपास करतो, ऑफिसात कुणाला न सांगता.

या तारखेचा उल्लेख एवढ्यासाठी की आमच्याकडे बरेच जण म्हणतात, एकाधिकार होता तोवर बरं होतं, बाजार आला आणि माणसं मरायला लागली. २००५-०६ मध्ये जे झालं ते पाहून असं वाटणं साहजिक आहे. पण १९८६ मध्ये एकाधिकार अगदी भरात होता. तेव्हाही माणूस एकटा पडला होता. आणि २००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज दिलं, त्यात अनुदानावर दुधाळ गाई वाटल्या. जिथे माणसाला प्यायला पाणी नाही तिथे त्या गाईला चारा कुठला? २००८ च्या कर्जमाफीत पूर्ण माफीला दोन हेक्टरची अट लागली. आमच्या कोरडवाहू नऊ एकरात बागायती दोन एकराइतकंही निघत नाही, पण कागदावर आम्ही 'मोठे शेतकरी' ठरलो. बाबांनी त्या दिवशी बिल्ला पुसून परत लावला होता, एवढं आठवतं.

मग माझं म्हणणं काय? सरकारने शेतातून चालतं व्हावं असं मी वयाच्या पंचविशीत म्हणायचो. आता एवढंच म्हणतो. हमीभाव जाहीर करता त्याच दिवशी, पेरणीच्या आधी, आयात-निर्यातीचं धोरणही जाहीर करा आणि हंगाम संपेपर्यंत त्याला हात लावू नका. लावायचाच असेल तर फरक भरून द्या. बियाण्याला हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण म्हणा. आणि जिथे विष विकलं जातं, काटा मारला जातो, चुकारा बुडवला जातो, तिथे जरूर या, तिथे तुमचीच वाट पाहतोय.

शेवटी दादाच्या कापसाचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. पहिली वेचणी दिवाळीच्या खर्चासाठी व्यापाऱ्याला दिली, सहा हजार आठशेने. मग पुतण्याने मोबाईलवरच्या 'कपास किसान' ॲपवर नोंदणी केली, तारीख मिळाली आणि उरलेला कापूस सीसीआयला गेला. ओलाव्याची कपात जाऊन आठ हजारांच्या थोडा खाली. पैसे थेट खात्यात. तीन रात्री बंडीवर झोपावं लागलं नाही.

संध्याकाळी दादाचा फोन आला. "पाह्य, शेवटी सरकारच कामी आलं न माह्या? तुहा बाजार तं सहा हजार आठशे देत होता."

मी म्हणालो, "दादा, तो बाजार सहा हजार आठशेवर कशामुळे आला ते विसरू नको."

तो हसला. म्हणाला, "ते तुले ठाऊक. मले एवढं सांग, पुढच्या साली कापूस लावू का नको?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. मागच्या वेळी सल्ला दिला तेव्हा वहिनींना अंगणात झोपावं लागलं होतं. तुमच्यापैकी कुणाचं घर अजून शेतीवर असेल तर जरूर सांगा, तुम्ही तुमच्या दादाला काय सांगता?